खापर कोळंबीवर

मे २०२४ मध्ये रेड लॉब्स्टर ही अमेरिकन रेस्टॉरंट साखळी दिवाळखोरीत गेली आणि सगळ्यांना एकच गुन्हेगार सापडला: कोळंबी. वीस डॉलरमध्ये हवी तेवढी कोळंबी खा, अशी योजना या साखळीने २०२३ मध्ये कायमची सुरू केली होती. लोक येऊन बसले, खात राहिले आणि कंपनी बुडाली. गोष्ट सांगायला सोपी होती, म्हणून जगभर पसरली. आपल्या वर्तमानपत्रांतही आली.

आता आकडे बघा. त्या योजनेच्या नावावर एका तिमाहीत सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा मांडला गेला. त्याच वर्षी या साखळीने जागांच्या भाड्यापोटी मोजले १९ कोटींहून जास्त. त्यातले ६ कोटींहून जास्त तर न चालणाऱ्या रेस्टॉरंटांच्या जागांवर गेले. कोळंबी किती खाल्ली हे मोजायला सगळे धावले. भाडं किती खाल्लं, हे विचारायला फार थोडे.

हे भाडं आलं कुठून? बिल डार्डन यांनी १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँड गावी पहिलं रेड लॉब्स्टर उघडलं. समुद्रापासून दूर राहणाऱ्या मध्यमवर्गाला परवडेल असं मासळीचं जेवण, एवढीच कल्पना. ती चाळीसहून जास्त वर्षं चालली. २०१४ मध्ये गोल्डन गेट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ही साखळी २१० कोटी डॉलरना घेतली. त्याच व्यवहारात सुमारे ५०० रेस्टॉरंटांच्या जागा १५० कोटींना विकून टाकल्या. म्हणजे खरेदीचा मोठा हिस्सा खरेदी केलेल्या मालातूनच वसूल झाला. राहतं घर विकायचं आणि त्याच घरात भाडेकरू म्हणून राहायचं, तसं. विक्रीचे पैसे मात्र घरातल्यांच्या हाती आलेच नाहीत. पुढे थाय युनियन ही थायलंडची मोठी मत्स्य कंपनी आधी भागीदार आणि नंतर मालकांपैकी एक झाली. कोळंबी पुरवणारी कंपनीच मालकीत आणि योजनाही कोळंबीची. दिवाळखोरीच्या कागदपत्रांत नव्या व्यवस्थापनानेच यावर बोट ठेवलं.

शंभराहून अधिक रेस्टॉरंटं बंद झाली. तिथल्या आचाऱ्यांनी, वाढप्यांनी, भांडी घासणाऱ्यांनी एकही जागा विकली नव्हती.

अमेरिकन रेस्टॉरंट व्यवसायाचं भविष्य काय, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. रोबो येणार, ॲप येणार, वजन कमी करणारी इंजेक्शनं येणार, तरुण पिढीची चव बदलणार. हे सगळं खरं आहे आणि दुय्यम आहे. खरा प्रश्न आहे, ताटाचे पैसे कोण भरतं हा. हा धंदा गेली कित्येक दशकं आपला खर्च दुसऱ्यांच्या खिशातून भागवत आला. कधी जागा विकली, कधी वाढप्याचा पगार गिऱ्हाइकावर टाकला, कधी कागदपत्रं नसलेल्या माणसाला जास्त तास राबवलं. आता हे खिसे एकेक करून रिकामे होत आहेत. भविष्य ठरणार आहे ते इथे.

आणि धंदा लहान नाही. दीड कोटीहून अधिक माणसं त्यात काम करतात. २०२४ मध्ये उलाढाल लाख कोटी डॉलरच्या वर गेली. अमेरिकन माणूस खाण्यावर जे खर्च करतो, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे आज घराबाहेरच्या खाण्यावर जातात. या धंद्याला खोकला झाला तर तो घरोघरी ऐकू येतो.

ॲपवाल्यांचं थोडक्यात. घरपोच पोहोचवण्यासाठी ते रेस्टॉरंटकडून तीस टक्क्यांपर्यंत कमिशन घेत आले. बसून जेवायच्या रेस्टॉरंटाला शंभर डॉलरमागे तीन ते पाच डॉलर सुटले तरी मालक वर्ष चांगलं गेलं म्हणतो. त्यातून तीस कुठून देणार? किंमत वाढवून किंवा माणूस कमी करून. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांनी महामारीच्या काळात कमिशनवर मर्यादा घातली, तेव्हा कंपन्या कोर्टात गेल्या. बरं, दोन्हीकडून पैसे घेऊन या कंपन्या तरी गब्बर झाल्या का? जस्ट ईट टेकअवे या युरोपीय कंपनीने २०२१ मध्ये ग्रबहब ही अमेरिकन ॲप कंपनी सुमारे ७३० कोटी डॉलरना घेतली आणि २०२४ च्या अखेरीस ६५ कोटींना विकायचा करार केला. शेकडो कोटी डॉलर गेले. रेस्टॉरंट खूश नाही, मोटारीतून पार्सल आणणारा पोरगा खूश नाही, गुंतवणूकदारही खूश नाही. असली व्यवस्था फार दिवस टिकत नाही.

रोबोंचं त्याहून थोडक्यात. झूम नावाच्या कंपनीने यंत्राने पिझ्झा करायला कोट्यवधी डॉलर उभे केले, त्यातले बहुतेक जपानच्या सॉफ्टबँकेचे. २०२३ मध्ये तिला टाळं लागलं. मॅकडोनल्ड्सने आयबीएमच्या मदतीने मोटारीतल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर यंत्राकडून घ्यायचा प्रयोग शंभरावर ठिकाणी केला आणि २०२४ मध्ये गुंडाळला. तळणीवर किंवा सॅलडच्या वाडग्यात यंत्रं येतील, काही आलीही आहेत. पण लहान मूल रडायला लागल्यावर त्याच्या आईला आधी सूप आणून द्यायचं, हे कुठलंही यंत्र करणार नाही. रेस्टॉरंटात आपण ज्याचे पैसे देतो, त्यात याचा मोठा वाटा असतो.

आता गिऱ्हाईक. मे २०२४ मध्ये मॅकडोनल्ड्सच्या अमेरिकेतल्या प्रमुखाला जाहीर पत्र लिहून खुलासा करावा लागला. किमती दुप्पट केल्याचा आरोप खोटा आहे, २०१९ पासून सरासरी वाढ सुमारे चाळीस टक्केच आहे, असा त्यांचा बचाव. चाळीस टक्के हा बचाव होऊ शकतो, असं ज्या कंपनीला वाटतं तिने गिऱ्हाईक कधीच गमावलेलं असतं. महिन्याभरात पाच डॉलरचं जेवण सुरू झालं ते उगाच नाही. गोमांस महाग आहे, कारण अमेरिकेतली गुरांची संख्या १९५१ नंतर सर्वांत कमी झाली आहे. बर्ड फ्लूने अंडी इतकी महागली की फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉफल हाउस या साखळीने प्रत्येक अंड्यामागे पन्नास सेंट जादा लावले.

महागाई सगळ्यांनाच होती. मग चिलीज कशी वर आली? पन्नास वर्षांची जुनी, लोकांनी मोडीत काढलेली साखळी. तिने पदार्थांची यादी छाटली, अकरा डॉलरच्या आत पोटभर जेवण दिलं आणि टेबलं आवरणारी माणसं कमी करण्याऐवजी वाढवली. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत तिच्या जुन्याच रेस्टॉरंटांची विक्री आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा तीस टक्क्यांहून अधिक वाढली. माणूस हा खर्च आहे, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावं. टेबल स्वच्छ असलं, वेळेवर पाणी आलं आणि बिल बघून पोटात गोळा आला नाही, तर लोक आजही घराबाहेर पडतात.

दारूचा मात्र आधार सुटतो आहे. गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत दारू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं, इतकं खाली ते कधीच गेलं नव्हतं. आठातल्या एका प्रौढाने वजन कमी करणाऱ्या ओझेम्पिक जातीच्या औषधांपैकी एखादं कधी ना कधी घेतलं आहे, हे २०२४ च्या एका पाहणीत दिसलं. अमेरिकन रेस्टॉरंटातला खरा नफा पेल्यात असतो. पेला रिकामा राहिला की ताटाला आपल्या जिवावर उभं राहावं लागेल. मला यात वाईट काही दिसत नाही. ताटं लहान होऊ देत, निम्मं अन्न खोक्यात भरून घरी न्यायची सवय जाऊ दे.

साखळ्यांचं पुष्कळ झालं. मला काळजी आहे ती एकट्यादुकट्या रेस्टॉरंटची, ज्याचा मालक गल्ल्यावर बसतो आणि नळ गळला तर स्वतः वाकतो. अहमदनगरमध्ये वाढलेले मेहरवान इराणी यांनी २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल या डोंगरातल्या शहरात ‘चाय पानी’ उघडलं. भेळ, चाट, भेंडीचे कुरकुरीत काप. आपल्या नाक्यावरचं खाणं, ते अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिणेत. २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत देशातलं सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंट म्हणून त्याची निवड झाली. पांढरे टेबलक्लॉथ आणि बारा पदार्थांची रांग लावणाऱ्या महागड्या जागा मागे पडल्या. नगरकरांनी या गोष्टीचा अभिमान जरूर बाळगावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलिन वादळाने त्याच ॲशव्हिलची पाण्याची व्यवस्था मोडली. ५३ दिवस शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी नव्हतं. रेस्टॉरंटाला पाणी नाही म्हणजे भांडी नाहीत, भात नाही, हात धुणं नाही. ऑक्टोबर हा तिथे पानगळ बघायला येणाऱ्या पर्यटकांचा, वर्षाच्या कमाईचा महिना. काहींनी टँकरने पाणी आणून दारं उघडली, काही कायमची मिटली. ‘चाय पानी’ पुन्हा उभं राहिलं, कारण त्याच्यामागे नाव होतं आणि भगिनी व्यवसाय होते. शेजारच्या छोट्या खानावळीमागे कोण असतं?

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेने २०२१ मध्येच देऊन ठेवलं आहे. महामारीत बुडालेल्या रेस्टॉरंटांसाठी सरकारने २,८६० कोटी डॉलरचा निधी काढला. सुमारे २ लाख ७८ हजार अर्ज आले. मिळाले साधारण १ लाख १ हजार जणांना. बाकीच्यांना एक छदाम नाही. थोडं नाही, कमी नाही, काहीच नाही. एकाच रस्त्यावर समोरासमोर असलेल्या दोघांपैकी एकाला लाखो डॉलर आणि दुसऱ्याला शून्य. स्पर्धा संपली ती तिथेच. मे २०२२ मध्ये निधी भरून काढायचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. बाजूने ५२, विरुद्ध ४३. बहुमत होतं, पण पुढे न्यायला साठ मतं लागत होती. प्रस्ताव पडला. त्यानंतर ज्या मालकांनी घर गहाण ठेवून दुकान चालवलं, त्यांची कर्जं आजच्या व्याजदरात अजून फिटत आहेत. एखादं चांगलं छोटं रेस्टॉरंट एकाएकी बंद झालं की लोक म्हणतात, चालत नसेल. चालत होतं हो. हप्ता चालत नव्हता.

पुढच्या दहा वर्षांत मधली फळी विरळ होईल असं मला वाटतं. एका टोकाला स्वस्त, वेगवान, पार्सलवाल्या साखळ्या. दुसऱ्या टोकाला सहा महिन्यांतून एकदा परवडणारी भारी जागा. मधे, आठवड्यातून एकदा पोरांना घेऊन जायची, जिथे वाढणारी बाई नावाने ओळखते अशी जागा वाचेल ती तीनच कारणांनी: मालकाकडे जागेची मालकी किंवा लांब मुदतीचा भाडेकरार असेल, कर्ज कमी असेल आणि माणसं टिकून असतील.

माणसं टिकायची तर ती आधी देशात टिकली पाहिजेत.

न्यूयॉर्कमधल्या इटालियन रेस्टॉरंटातला पास्ता बऱ्याचदा मेक्सिकोतल्या पुएब्लाचा माणूस शिजवतो. फ्रेंच जागेतलं सॉस इक्वेडोरच्या हाताचं असतं. अमेरिकेतल्या स्वयंपाकघराची भाषा कुठल्याही शहरात जा, स्पॅनिश आहे. त्यातल्या अनेकांकडे कागदपत्रं नाहीत हे मालकाला ठाऊक असतं, सरकारला ठाऊक असतं, जेवणाऱ्यालाही ठाऊक असतं. हा अलिखित करार कित्येक वर्षं चालला, कारण त्यात एकच पक्ष बोलू शकत नव्हता. तो पक्ष करही भरतो. २०२२ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनी सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरल्याचा अंदाज वॉशिंग्टनच्या एका कर-अभ्यास संस्थेने मांडला आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात अशा माणसांना पकडण्यासाठी धाडी वाढल्या. जूनमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीरपणे मान्य केलं की शेतं आणि हॉटेलं यांतली चांगली, जुनी माणसं या धोरणामुळे जात आहेत. शेतं, हॉटेलं आणि रेस्टॉरंटं यांवरच्या धाडी थांबवण्याचे आदेश निघाले आणि काही दिवसांत फिरवलेही गेले. त्या काही दिवसांत भांडी घासणाऱ्या माणसाने काय करायचं होतं? कामावर यायचं, की पोरांना शेजाऱ्याकडे सोडून लपायचं? पंधरा वर्षं तुमचं स्वयंपाकघर ओढणाऱ्या माणसाला तुम्ही कागद देत नाही आणि मग मनुष्यबळाची टंचाई म्हणून परिषदा भरवता. हे लाजिरवाणं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर चटकदार चाट खाऊन फोटो पाठवणाऱ्या आपल्या मंडळींनीही आतल्या दाराकडे एकदा बघावं. तिथे कोण उभं आहे आणि त्याला तासाला काय मिळतं, हे विचारायला मराठी बाणा आड येत नाही.

आणि शेवटी पगार. ज्या माणसाला टिप मिळते त्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मालकाने द्यायचा किमान पगार तासाला २ डॉलर १३ सेंट आहे. १९९१ पासून तेवढाच. तेव्हा तो सर्वसाधारण किमान वेतनाच्या, म्हणजे सव्वाचार डॉलरच्या, निम्मा होता. १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना काँग्रेसने टिपवाल्यांचा दर तिथेच गोठवला. त्यासाठी जोर लावला तो रेस्टॉरंट मालकांच्या राष्ट्रीय संघटनेने. तिचे नेते होते हर्मन केन, पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिलेले. सर्वसाधारण किमान वेतनही २००९ पासून सव्वासात डॉलरवर अडकलं आहे. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पगार आज मालकाला वाढप्याला द्यावा लागत नाही. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा म्हणतो. तो भरला की नाही हे मालकाला विचारायची हिंमत पुढच्या आठवड्याच्या पाळ्या त्याच्याच हातात असलेल्या मुलीने करायची!

टिपेची ही प्रथा गोड नाही, तिचा इतिहासही गोड नाही. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांत कृष्णवर्णीय सेवकांना नावापुरता पगार देऊन टिपेवर जगायला लावलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा राज्यांनी टिप देण्यावरच बंदी घातली होती. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले.

२०२५ मध्ये टिपेवरचा कर कमी झाला, वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंतच्या टिपेवर, तेही २०२८ पर्यंतच. टाळ्या पडल्या. पण टिपेवर काम करणाऱ्या सुमारे ३७ टक्के लोकांची कमाई इतकी कमी आहे की येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२२ सालासाठी मांडलेल्या हिशोबाप्रमाणे ते केंद्रीय प्राप्तिकर भरतच नाहीत. त्यांना या सवलतीतून काय मिळालं? आतल्या आचाऱ्याला काय मिळालं, ज्याच्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी टिप पोहोचतही नाही? मालकाने द्यायचे ते पैसे आधी गिऱ्हाइकाने दिले, आता थोडे सरकारी तिजोरीने दिले. मालकाचा आकडा तसूभर हलला नाही.

पगार वाढवला तर रेस्टॉरंटं मरतील, हे वाक्य तीस वर्षं ऐकतो आहोत. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना, अलास्का या सात राज्यांत टिपवाल्यांसाठी वेगळा हलका दर नाहीच. सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल आणि लास वेगास ही जेवणासाठी ओसाड पडलेली शहरं आहेत का? तिथे जेवण महाग आहे, मान्य. पण ती किंमत यादीवर छापलेली असते, कुणाच्या पाठीवर नाही.

भल्या मालकाने एकट्याने हे करून पाहिलं आहे. न्यूयॉर्कच्या डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद केली, किमती वाढवून सगळ्यांना पगार दिला. शेजारच्या दारी स्वस्त यादी आणि खाली टिपेची रेघ. चांगले वेटर तिकडे गेले, गिऱ्हाईकही आकडा बघून बिचकलं. २०२० मध्ये त्यांनी टिप परत आणली. एकट्या मालकाला हे जमणार नाही, सगळ्यांना एकच नियम लागेल, एवढं त्यातून सिद्ध झालं. मोठ्या शहरांतल्या चांगल्या रेस्टॉरंटांचे वेटर हलका दर रद्द करायला विरोध करतात, मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ मध्ये तो बदल नाकारला, हेही खरं. शुक्रवारी रात्री शेकडो डॉलर कमावणाऱ्याची भीती मला समजते. पण कायदा मंगळवारी दुपारी महामार्गावरच्या डायनरमध्ये कॉफी ओतणाऱ्या बाईसाठी करायचा असतो. वॉशिंग्टन शहराच्या मतदारांनी तो २०१८ मध्ये मागितला, नगर परिषदेने रद्द केला. २०२२ मध्ये पुन्हा मागितला, २०२५ मध्ये परिषदेने त्याची चाल मंदावली. लोकांनी दोनदा सांगितलेलं ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना मालकांचं मात्र एकदाच सांगितलेलं ऐकू येतं.

मसुदा नव्याने लिहायची गरज नाही. किमान वेतन पंधरा डॉलरवर न्यायचं आणि टिपवाल्यांचा वेगळा दर टप्प्याटप्प्याने संपवायचा, हा कायदा प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये २३१ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर केला होता. सिनेटने तो पटलावरच घेतला नाही. मार्च २०२१ मध्ये तिथे पंधरा डॉलरची दुरुस्ती मांडली गेली, ती ५८ विरुद्ध ४२ अशी पडली, आणि विरोधात मत देणाऱ्यांत तेव्हा सत्ताधारी असलेल्या डेमोक्रॅट पक्षाचेही काही जण होते. त्या सभागृहातल्या शंभर जणांना पगार तिजोरीतून मिळतो, दर महिन्याला, ठरलेला. तो मसुदा त्यांनी पुन्हा काढावा आणि त्यावर प्रत्येकाने आपलं मत नावानिशी द्यावं.